हिवाळ्यातील पाणी-मिथेनॉलचा फवारा

सुपरचार्जर बसविलेल्या मोटारीच्या एंजिनात हवा दाबून भरली जाते. दाबलेली हवा तापते, आणि तिच्याबरोबर सिलिंडरात शिरलेल्या पेट्रोलचा काही भाग ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेण्याचा संभव असतो. ठोक्यांसारखा आवाज करणारे हे ज्वलन दट्ट्याला भोकही पाडू शकते. त्यावर उपाय म्हणून हवेच्या मार्गात पाणी व मिथेनॉल यांचा बारीक फवारा सोडतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते. मिथेनॉल याच्या जेमतेम निम्मी उष्णता शोषते. परंतु ते लवकर उडते, आणि ते स्वतःही एक इंधन आहे.

मिथेनॉलचे आणखी एक काम म्हणजे पाणी गोठू न देणे. अमेरिकेत १९६२ साली निघालेल्या ओल्ड्समोबील जेटफायर या मोटारीच्या टाकीत ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आणि थोडे गंजरोधक द्रव्य भरावे लागे. ही मोटार मिशिगन राज्यातील लॅन्सिंगच्या कंपनीची. तेथील हिवाळ्यात निव्वळ पाणी नळीतच गोठले असते. निम्मे-निम्मे मिश्रण मात्र उणे ४० अंश सेल्सियसलाही द्रवरूप राहते.

थंडी पडताच बहुतेक मोटारधारक मिथेनॉलचे प्रमाण वाढवतात आणि काम संपले असे समजतात. वस्तुतः ते तेथे अर्धेच झालेले असते. समजा, बाहेरची हवा ३५ अंशांची आहे आणि ती दीडपट दाबाला नेली. सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ही हवा सुमारे ९८ अंशांवर पोचते. बाहेर उणे १० अंश असतील, तर तीच हवा केवळ ४४ अंशांपर्यंत तापते. उन्हाळ्यात सहज उडून जाणारा फवारा मग थेंबांच्या रूपाने नळीच्या भिंतींना चिकटतो. एखाद्या सिलिंडराला तो जास्त मिळतो, एखाद्याला कमी. वाढवलेले मिथेनॉल इंधनाच्या प्रमाणात भर घालते ते वेगळेच. एंजिन गचके देऊ लागते आणि दोष विनाकारण ठिणगी-प्लगवर येतो.

म्हणून हिवाळ्यात तोटी लहान बसवावी आणि फवारा थोड्या अधिक दाबाला सुरू होईल असे करावे. तो अजिबात बंद करणे मात्र धोक्याचे. वरील उदाहरणात थंड हवा सुमारे १७ टक्के अधिक दाट असते. तेवढे पेट्रोलही अधिक जळते आणि सिलिंडरातील दाब वाढतो. फेरबदल एकेका पायरीने करावा, आणि तोही एंजिन पुरते तापल्यावर.

टाकी रिकामी झाली किंवा तोटी गोठली, तर सुपरचार्जरचा दाब आपोआप उतरला पाहिजे. जेटफायरमध्ये टाकी संपल्यावर दाब मर्यादित ठेवणारी योजना होती, आणि तिची गरजही वारंवार पडली. कारण पुष्कळ मालक टाकी भरतच नसत. मोटार मंद झाल्याची तक्रार मात्र ते करीत. १९६३ नंतर ती मोटार निघाली नाही.

मिथेनॉल विषारी असून पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. मिश्रण उघड्या जागी, विस्तवापासून दूर करावे. हिवाळ्यासाठी बसवलेली लहान तोटी वसंतात आठवणीने काढावी. पहिल्या उबदार दुपारी ठोके ऐकू येतात ते बहुधा तिच्यामुळेच.