उठताना विंडोज आणि एल

कुटेलाभाठ्याचं आयआयटीचं आवार काही दूर नाही. सेक्टरातून डब्यात घालून दिलेले पोहे निवायच्या आत तू होस्टेलात पोचशील. आयआयटी २०१६ साली सुरू झाली तेव्हा पोरांचे वर्ग रायपूरला, सेजबहारला भरायचे. तुझ्या नशिबी घराजवळचं आवार आलंय, तेव्हा आत्याचा उपदेशही जवळूनच ऐकावा लागणार. खोलीला दार एक, आत येणारे मित्र पंधरा. सगळे चांगलेच असतील. मी चोरांबद्दल बोलतच नाहीये, गमत्यांबद्दल बोलतेय.

१. खुर्चीतून उठलास की आधी विंडोज आणि एल ही बटणं एकदम दाब, चप्पल मग शोध — ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून चहाला गेलेला मुलगा तासाभराने उगवतो, हे मी तुझ्या बाबापासून बघत आलेय. रूममेटचा मॅक असेल तर त्याला कंट्रोल, कमांड आणि क्यू सांग.

२. मित्राला राग येईल म्हणून लॉक करायला संकोचू नकोस — प्लांटात दुरुस्तीआधी फिटर वीज बंद करून स्विचला स्वतःचं कुलूप घालतो, पाटी लावतो, किल्ली खिशात ठेवतो, आणि त्याचा कोणी अपमान मानत नाही. भल्या माणसानेही चुकून बटण दाबलं तर हात जातो, एवढाच त्यातला हिशेब.

३. फोटो हौसेने लाव. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन, तिथे स्पॉटलाइट काढून पिक्चर निवड — रोज नवा परदेशी समुद्रकिनारा बघण्यापेक्षा मैत्रीबागेतला पांढरा वाघ काय वाईट? फक्त विंडोज ११चं घड्याळ वर मधोमध येतं. आजीचा फोटो लावलास आणि चेहरा वर असला, तर तिच्या कपाळावर दिवसभर वेळ झळकेल.

४. फोटो लावण्याआधी त्यात काय काय वाचता येतंय ते बघ — गळ्यातलं ओळखपत्र, गाडीची नंबरप्लेट, मागच्या फळ्यावरचा वायफायचा पासवर्ड. प्लांटाच्या गेटाआत काढलेला बाबाचा फोटो तर नकोच, तिथे कॅमेरा चालत नाही. आणि केकचा फोटो लावून पिन जन्मतारखेचा ठेवणाऱ्यांसाठी आमच्यात म्हण आहे, म्हणजे मीच केलीय: वाढदिवसाचा पिन, गावजेवणाचं आमंत्रण.

५. पिन निदान सहा आकडी ठेव, आणि पिनच्या सेटिंगमध्ये अक्षरं-चिन्हं चालू करायची चौकट आहे, तिच्यात टिक कर — चार आकडे मागे उभ्या असलेल्याला बोटांच्या हालचालीवरूनही कळतात. विंडोजचा पिन त्या एकाच लॅपटॉपवर चालतो हे बरं आहे, पण तुझं सगळं त्या एकाच लॅपटॉपवर आहे ना!

६. परत आल्यावर यंत्राने पिनऐवजी ‘ए१बी२सी३’ टाइप करायला सांगितलं, तर गालातल्या गालात हस आणि खोलीत कोण खाली मान घालून बसलंय ते बघ — पिन ओळीने चुकीचा पडला की विंडोज हे विचारतं. लगेच आरडाओरडा करू नकोस, नुसता पिन बदल.

७. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद कर. सिस्टिम, नोटिफिकेशन्स, तिथे सापडेल — फोन लॅपटॉपला जोडलेला असला की बँकेचा ओटीपी कुलपाच्या बाहेर येऊन उभा राहतो. ओटीपीचं सोड, ‘बाळा, जेवलास का’ हा आईचा मेसेज पंधरा जणांनी वाचला की सेमिस्टरभर तुला बाळा म्हणतील.

८. झाकण मिटून उघडल्यावर पिन मागतो का, ते आजच करून बघ — अकाउंट्समधल्या साइन-इन ऑप्शन्समध्ये झोपेतून उठताना विचारायचं की नाही ते ठरतं, आणि ‘नेव्हर’ असेल तर झाकण म्हणजे नुसतं झाकण. तिथेच डायनॅमिक लॉक आहे: ब्लूटूथने जोडलेला फोन लांब गेला की यंत्र आपोआप लॉक होतं. चालू ठेव, पण त्याला मिनिटभर लागतं, आणि गमत्याला मिनिट पुष्कळ झालं.

पूर्वी हे सगळं फारच गमतीचं होतं. विंडोज ९८मध्ये पासवर्डची चौकट आली की एस्केप दाबायचं, यंत्र मुकाट आत घ्यायचं. ती चौकट नेटवर्कची ओळख पटवायला होती, दार अडवायला नव्हतीच. तरी लोक मोठ्या ऐटीत पासवर्ड ठेवायचे. खरं कुलूप विंडोज एनटीत होतं. तिथे आधी कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबावं लागे, कारण ही तीन बटणं कुठल्याही साध्या प्रोग्रामला मध्येच पकडता येत नाहीत, म्हणजे समोरची चौकट विंडोजचीच आहे याची खात्री.

९. ही तीन बटणं आजही लक्षात ठेव — ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असं भोंगा वाजवत पडदाभर आलं, तर ते बहुधा ब्राउझरचं नुसतं पान असतं. तीन बटणं दाब, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद कर, त्या नंबरला हात लावू नकोस. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, त्याच घटकेला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

१०. सुपेल्यात लॅपटॉप दुरुस्तीला दिलास तर पिन चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस, वेगळं साधं अकाउंट करून दे — कारागीर सज्जन असतो, पण चिठ्ठी काउंटरवर दिवसभर पडून राहते. आळशाचा पिन, अख्ख्या बाजाराचा.

११. डिस्कचं एन्क्रिप्शन चालू आहे का बघ — लॉक स्क्रीन फक्त समोरून अडवते. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की साधी डिस्क सगळं सांगून टाकते. मात्र एन्क्रिप्शन असलं की कधीतरी, बायोस अपडेटनंतर वगैरे, यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ते नेमकं सबमिशनच्या रात्री मागतं. ती कागदावर छापून त्यातली एक प्रत मला आणून दे, माझ्या गोदरेजच्या कपाटात राहील. येताना डबाही घेऊन ये.