घरात कागद नसता वंशावळ कशी लावावी

कुही, जि. नागपूर



कुहीकडच्या बहुतेक कुटुंबांत आजोबांच्या पलीकडचा एकही कागद सापडत नाही. कौलारू घरे गळत, वाळवी लागे, आणि कागद जपावा असे काही हातात पडेच असे नाही. तरीही नेटाने शोध घेतल्यास अशा घराची वंशावळ चार-पाच पिढ्या मागे जाऊ शकते, कारण घराने ठेवले नाही ते पटवाऱ्याने आणि कोतवालाने लिहून ठेवलेले असते. मात्र कचेरीत जाण्याआधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे लागते.

म्हाताऱ्यांना 'पणजोबांचे नाव काय' असे थेट विचारले तर उत्तर येत नाही. कोणाचे सुतक कोणाला लागते, हे विचारले की येते. ज्या घरी मयत झाली त्या घराबरोबर आणखी कोणत्या घरांनी दहा दिवस पाळले, तेरवीला भाऊबंद म्हणून कोण बसले आणि सोयरे म्हणून कोण, याचा हिशेब बायकांना तोंडपाठ असतो. आडनाव एक असूनही सुतक नसेल तर नाते फार दूरचे किंवा नाहीच. आडनाव वेगळे असून सुतक पाळत असतील, तर एकाच भाऊबंदकीत पुढे आडनाव फुटले असण्याचा संभव मोठा. कागदाशिवाय मिळणारा याहून भक्कम पुरावा गावात दुसरा नाही. शोधाची पहिली वही याच माहितीने भरावी, आणि प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचे नाव व तारीख टाकावी.

दुसरी गोष्ट मौजाची. जुन्या दप्तरात माणूस आडनावाने सापडत नाही, गावाने सापडतो. त्यामुळे मौजा आणि पटवारी हलका नंबर आधी ठरवावा लागतो. कुही हा तालुका नंतर झाला. पूर्वी हा सगळा भाग उमरेड तहसिलीत होता, म्हणून मांढळ-वेलतूरकडचा जुना कागद कुहीला न मिळाल्यास उमरेडच्या आणि नागपूरच्या अभिलेख कक्षात विचारावा. राज्यही बदलत गेले. भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होते आणि 1960 मध्ये महाराष्ट्र आला. जुन्या नकलेवर 'मध्यप्रदेश' छापलेले पाहून ती दुसऱ्या कोणाची समजून परत करणारे लोक आजही भेटतात.

जमीन कसणाऱ्या घराला बंदोबस्ताचे, म्हणजे शेतसारा ठरवताना केलेल्या नोंदींचे, कागद सर्वांत उपयोगी. नागपूर जिल्ह्यात पहिला बंदोबस्त 1860 च्या दशकात आणि दुसरा 1890 च्या दशकात झाला. गावाचा सारा भरणारा मालगुजार तर नोंदला गेलाच, पण त्याच्याखालचे मालक मकबुजा (स्वतःच्या शेताचे मालक) आणि मौरुसी काश्तकारही (वंशपरंपरेने कसणारी कुळे) शेतानिशी लिहिले गेले. एका बंदोबस्तात गोविंदा आणि पुढच्यात त्याच शेतावर 'सखाराम वल्द गोविंदा' असेल, तर बापलेकाची कडी जुळली. मालगुजारी 31 मार्च 1951 रोजी संपली. त्या उलथापालथीच्या वेळचे हक्कनोंदीचे कागद मधला दुवा म्हणून फार कामी येतात.

आयर्लंडात लोकांनी हीच वाट धरली. तिथल्या 1861 ते 1891 च्या जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केले, आणि 1922 मध्ये यादवी युद्धात डब्लिनचे अभिलेखागार जळाले तेव्हा त्याआधीच्या जनगणनाही बहुतेक खाक झाल्या. तेव्हापासून तिथे पूर्वज शोधणारे लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या जमीन-मोजणीच्या आणि करआकारणीच्या यादीवर, म्हणजे ग्रिफिथच्या मूल्यांकनावर, विसंबतात. त्यात कुळांची नावे गाववार आहेत. आपल्याकडे जनगणना जळाली नाही, पण 1948 च्या कायद्याने तिचे तपशील गोपनीय आहेत. तेव्हा कुहीच्या माणसालाही शेताच्या कागदाकडेच वळावे लागते.

ज्याला शेतच नव्हते त्याचे काय? कोष्टी विणकर, शेतमजूर, सालदार यांची नावे बंदोबस्तात क्वचितच येतात. त्यांच्यासाठी कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्यात देई आणि ती वहीत चढे. एखादी ओळ अशी असते: तारीख, मौजा, 'बुधा महार यास मुलगा झाला'. मुलाचे नाव नाही, आईचे नाव नाही, आडनावही नाही. मृत्यूच्या रकान्यात बहुधा नुसते 'ताप'. पण 1918 च्या पावसाळ्यानंतर एकाच घरचे दोन-तीन मृत्यू लागोपाठ 'ताप' म्हणून दिसले, तर ती इन्फ्लुएंझाची साथ असण्याचा संभव मोठा. म्हाताऱ्यांनी सांगितलेली 'मोठी बिमारी' इथे कागदावर सापडते. सोमा, मंगरू, बुधा ही नावे बरेचदा जन्मवारावरून ठेवत. त्यामुळे नोंदीची तारीख आणि पंचांगातला वार जुळतो का, तेही पाहून घ्यावे. खबर दोन-चार दिवस उशिरा पोचे, म्हणून वार चुकला तरी नोंद लगेच टाकून देऊ नये.

जातीच्या रकान्यातला फरक पाहून गोंधळू नये. 14 ऑक्टोबर 1956 च्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर त्याच घराच्या शाळेतल्या नोंदीत 'महार' ऐवजी 'बौद्ध' येतो. माणूस तोच. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर एरवी विश्वासाचे. जन्मतारीख मात्र सोडून. निम्मे गाव 1 जुलैला जन्मले नव्हते, ती मास्तरांची सोय होती.

जातपडताळणीसाठी शोध असेल तर तारखा लक्षात घ्याव्या: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, जमातींना 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. नोंद जशी आहे तशीच उतरवावी. शुद्धलेखन सुधारले तरी नक्कल संशयास्पद ठरते.

भाटाची पोथी आणि त्र्यंबकेश्वर-प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा वेगळा आधार. तीर्थावरच्या वहीत यात्रेकरू स्वतः आपले गाव आणि बाप-आजाचे नाव सांगतो, म्हणून ती बरीच खरी. भाटाच्या पोथीतल्या खालच्या तीन-चार पिढ्या घ्याव्या. वरच्या पिढ्या राजा-महाराजांना जाऊन मिळतात आणि बिदागीबरोबर वाढतातही.

वैनगंगेकाठची कित्येक गावे गोसीखुर्द प्रकल्पात बुडाली. अशा गावांची नोंद पुनर्वसनाच्या नव्या गावठाणाखाली नव्हे, जुन्या मौजाच्या नावाने शोधावी. भूसंपादनाच्या निवाड्यांत खातेदार आणि वारस एकत्र येतात, म्हणून नकलांच्या अर्जात निवाड्याचाही उल्लेख करावा. वारसांत लग्न होऊन गेलेल्या मुली असतात. आईकडच्या कुळाचा माग इतर कागदांत जवळपास लागतच नाही, तो इथून लागू शकतो; मात्र सासरी नाव बदललेले असते, म्हणून माहेरचे नाव आधी घरातल्या म्हातारीकडून लिहून घ्यावे आणि मग निवाडा काढावा.

कळावे.

मोठे बाबा