पैसा आणि आधुनिक समाज : मार्क्स व सिमेल यांच्या टीकेतील अंतर

छत्तीसगडच्या खेड्यांत न्हावी, धोबी, लोहार आदींना वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीनंतर धान देण्याची परंपरा होती. तिला ‘पौनी-पसारी’ म्हणतात. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) मधील बलुतेदारी ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. धानाच्या जागी रोख पैसा आला, तेव्हा या नात्याचे काय झाले? अभिजात समाजशास्त्रज्ञांची पैशाविषयीची मते पडताळण्यास हा प्रश्न उपयुक्त ठरतो.

कार्ल मार्क्सच्या मते पैसा माणसा-माणसांतील संबंधांना वस्तूंमधील संबंधांचे रूप देतो. श्रमच विक्रीस निघतात आणि श्रमिक आपल्या निर्मितीला पारखा होतो. हीच परात्मता होय. मात्र मार्क्सच्या दृष्टीने दोषाचे मूळ नाण्यात नसून खाजगी मालकीत व वेतनश्रमात आहे. ‘भांडवल’चा पहिला खंड (१८६७) याच दिशेने जातो.

जॉर्ज सिमेलला मार्क्सचा अनुयायी ठरविण्याची चूक उत्तरपत्रिकांत सहज होऊ शकते. ‘पैशाचे तत्त्वज्ञान’ (१९००) या ग्रंथात त्याने पैशाची दोन्ही अंगे एकत्र मांडली. धानावर जगणारा न्हावी ठरावीक घरांशी बांधलेला असे. रायपूरला दुकान थाटून रोख घेणारा न्हावी गिऱ्हाईक निवडू शकतो. सेवा पैशात मोजली गेली की व्यक्तीवरचा हक्क सुटतो. सिमेल हे स्वातंत्र्य खरे मानतो. परंतु त्याचे मोलही सांगतो. ‘काय आहे’ याऐवजी ‘केवढ्याला आहे’ हा प्रश्न उरतो, गुणांचे भेद पुसट होतात आणि महानगरातील मन उदासीन बनते (१९०३ चा निबंध). मानवनिर्मित संस्कृती वाढत जाते, पण एकेका व्यक्तीला ती आत्मसात करता येत नाही. यालाच त्याने संस्कृतीची शोकांतिका म्हटले.

येथे एक भारतीय दुरुस्ती आवश्यक आहे. जात ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखविले. व्यवहार रोखीचा झाला, तरी कात्री कोणाच्या हाती राहते, हे केवळ पैसा ठरवीत नाही. छत्तीसगड शासनाने २०१९ मध्ये पारंपरिक व्यावसायिकांना शहरी बाजारात जागा देण्यासाठी आणलेल्या योजनेचे नावही ‘पौनी पसारी’च होते, हे लक्षणीय आहे.

मॅक्स वेबरला पैशात हिशेबी विवेकाचे सर्वांत काटेकोर साधन दिसले. एमिल दुर्खीमची चिंता वेगळी होती : करार टिकण्यासाठी करारापूर्वीची नैतिक बंधने लागतात, ती ढासळल्यास नियमहीनता (अ‍ॅनॉमी) येते.

रायपूरजवळच नवा रायपूर या नियोजित राजधानीसाठी अनेक गावांची जमीन घेण्यात आली. २०२२ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी प्रदीर्घ आंदोलन केले. मागणी केवळ मोबदल्याची नव्हती, निवासी भूखंड व रोजगारही हवे होते. मार्क्सवादी यात उत्पादनसाधनांपासून झालेली फारकत पाहील. सिमेलचा वाचक विचारील की, जमिनीतील नेमका कोणता भाग रकमेत उतरला नाही? ‘पैसा मुक्त करतो आणि रितेही करतो’ या विधानाची चर्चा करताना विद्यार्थ्यांनी हे उदाहरण दोन्ही बाजूंनी लिहून पाहावे.