बर्फातला संगणक

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. डिसेंबरात पहाटेच्या गाडीची वाट पाहणारी माणसे तिथे मफलर गुंडाळून, हात खिशात घालून उभी असतात. उसाच्या शेतांवरून गार वारा येतो. स्टेशनाबाहेर कोणी मोटारसायकलचे बटण दाबतो, पण ती नुसती कुरकुरते. थंडीने बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. शेवटी किक मारावी लागते.

मुलांनो, ही थंडी फार तर आठ-दहा अंशांची. मग शून्याखाली वीस अंशांत काय होत असेल?

१९ मे २०१२ रोजी पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. उमेश झिरपे हे त्या मोहिमेचे नेते होते. एव्हरेस्टचा नेपाळकडील तळ सुमारे ५,३६४ मीटर उंचीवर आहे. तिथून वर केव्हा निघायचे, हे हवामानाचा अंदाज पाहून ठरवतात. आजकालच्या मोहिमांत हा अंदाज उपग्रहामार्फत तळावरच्या संगणकावर येतो. १० आणि ११ मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर वादळात सापडून आठ गिर्यारोहक मरण पावले होते. म्हणून तळावरचा संगणक ऐन वेळी बंद पडला, तर ते नुसते यंत्राचे नुकसान नसते.

तो बंद का पडतो? पहिले कारण बॅटरी. थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते आणि ती लवकर उतरते. अशी गारठलेली बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज केली, तर ती कायमची बिघडते. म्हणून गिर्यारोहक रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ घेऊन झोपतात, जणू तान्हे मूलच! दिवसा सौर पट्ट्यांवर त्या चार्ज करतात.

दुसरे कारण विरळ हवा. जुन्या पद्धतीच्या संगणकात माहितीची तबकडी वेगाने फिरते. तिच्यावरचे वाचणारे टोक हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगते. तळावर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्माच असतो. त्यामुळे ते टोक तबकडीला घासते आणि माहिती नष्ट होते. अशा बहुतेक तबकड्या सुमारे ३,००० मीटरपर्यंतच्याच कामाच्या. म्हणून डोंगरात फिरते भाग नसलेली स्मृती वापरतात. मजबूत संगणकाला धातूचे कवच असते आणि फटींतून धूळ-पाणी आत जात नाही. तो वजनाला मात्र जड असतो.

पण खरा धोका तंबूच्या उबेतच असतो. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला पाणी सुटते ना? गार संगणक उबदार तंबूत आणला की त्याच्याही आत तसेच दव धरते. म्हणून बाहेरच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतात. आत आणल्यावर पिशवी लगेच सोडत नाहीत. तास-दोन तास थांबतात, मगच बटण दाबतात.

स्वाध्याय
१. गिर्यारोहक बॅटऱ्या अंगाजवळ का ठेवतात?
२. थंडीमुळे तुमच्या घरातील कोणत्या वस्तू नीट चालत नाहीत? चार वाक्ये लिहा.