गाऱ्हाणी ऐकणाऱ्यांचा पेशा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की अहिल्यानगर जिल्ह्यातील घराघरांत, मग ते घर अकोल्याच्या डोंगरपट्टीतले असो की पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू मुलखातले, मुलाने पुढे काय व्हावे याचा खल सुरू होतो. आणि डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार, तहसीलदार ही चार नावे उच्चारून झाली, की बहुधा तो संपतोही. ज्या मुलाला गणितापेक्षा भाषा व इतिहास यांची गोडी अधिक, त्याच्या आईवडिलांच्या काळजीला तर पारावार राहत नाही. अशा घरांसाठी एका पेशाची ओळख येथे करून देत आहे. वारसनोंद होत नाही, निवृत्तिवेतन अडले आहे, दाखला मिळत नाही, वीजबिल अवाजवी आले आहे, अशी जी गाऱ्हाणी रयतेला सरकारदरबारी मांडावी लागतात, ती निःपक्षपातीपणे ऐकून, उभय पक्षांचे दप्तर तपासून, त्यांवर न्याय्य तोडगा सुचविणाऱ्या माणसांचा हा पेशा आहे. आणि सावध वाचन व नेटके लेखन हेच त्याचे खरे भांडवल आहे.

लोकायुक्त संस्थेची पूर्वपीठिका

राज्यकारभाराविषयीची तक्रार ऐकण्यासाठी कारभाऱ्यांहून स्वतंत्र असा अधिकारी असावा, ही कल्पना स्वीडनने १८०९ साली आपल्या राज्यघटनेत आणली. आपल्याकडे प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केंद्रासाठी लोकपाल आणि राज्यांसाठी लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. तिला अनुसरून महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि २५ ऑक्टोबर १९७२ पासून लोकायुक्त व उपलोकायुक्त यांचे कार्यालय प्रत्यक्ष सुरू केले. या विषयाशी आपल्या जिल्ह्याचा संबंध दूरचा नाही. ज्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आज या जिल्ह्याला मिळाले आहे, त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चोंडीचा, आणि रयतेचे गाऱ्हाणे स्वतः ऐकणाऱ्या राज्यकर्त्या म्हणून त्यांची कीर्ती आजही सांगितली जाते. अलीकडच्या काळात पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांनी २०१९च्या आरंभी लोकपाल-लोकायुक्तांच्या मागणीसाठी उपोषण केले. आणि मुख्यमंत्र्यांनाही चौकशीच्या कक्षेत आणू पाहणारे नवे लोकायुक्त विधेयक राज्याच्या विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये व विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले.

तक्रारीचे काम चालते कसे

१९७१च्या कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. लोकसेवकाने पदाचा गैरवापर केला किंवा भ्रष्टाचार केला, असे म्हणणे हा आरोप. आणि गैरकारभारामुळे, म्हणजे अन्याय्य वागणुकीमुळे, पक्षपातामुळे, हयगयीमुळे किंवा अवाजवी दिरंगाईमुळे, एखाद्याला अन्याय वा त्रास सोसावा लागणे हे गाऱ्हाणे. वृत्तपत्रांत गाजतात ते आरोप. सामान्य माणसाच्या आयुष्याला रोज भिडतात ती गाऱ्हाणी.

हे काम समजून घेण्यासाठी एक कल्पित प्रकरण डोळ्यांपुढे आणू. पाथर्डी तालुक्यातील एका वृद्धेचे यजमान वारले. सातबाऱ्यावर वारस म्हणून आपले नाव लागावे असा अर्ज तिने गावच्या चावडीत तलाठ्याकडे दिला. वर्ष उलटत आले तरी नोंद झाली नाही, आणि विचारणा करावी तर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ एवढेच उत्तर पदरी पडले. अखेर कुणा शिकलेल्या नातवाने चार पानी तक्रार लिहिली, ज्यात निम्म्याहून अधिक मजकूर भावकीच्या भांडणाचा आहे. ही तक्रार ज्याच्या टेबलावर येते, त्या अधिकाऱ्याचे पहिले काम म्हणजे त्या चार पानांतून नेमकी चार वाक्ये काढणे : अर्ज कोणत्या तारखेस दिला, त्याची पोच आहे काय, कोणती कृती कोणाकडून व्हावयास हवी होती, आणि ती झाली नाही त्यामुळे अर्जदाराचे काय नुकसान झाले.

यानंतर प्रश्न येतो अधिकारकक्षेचा. जेथे न्यायालयात वा अन्य प्राधिकरणाकडे दाद मागण्याची सोय आहे, तेथे लोकायुक्तांनी सहसा हात घालू नये, असा दंडक आहे. फेरफार नामंजूर झाला असता, तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करण्याचा मार्ग त्या वृद्धेला मोकळा होता. परंतु येथे हुकूमच झालेला नाही, आणि जेथे हुकूम नाही तेथे अपील तरी कशावर करावयाचे? कायद्याच्या दोन पायऱ्यांमध्ये अडकलेल्या अशा माणसाला वर ओढून घेणे, हेच या संस्थेचे प्रयोजन आहे.

मग तक्रारीची नक्कल संबंधितांकडे पाठवून त्यांचा खुलासा मागविला जातो. आवश्यक तेथे मूळ कागद मागवून साक्षीदारांनाही पाचारण करता येते, कारण याबाबत लोकायुक्तांना दिवाणी न्यायालयाप्रमाणे अधिकार आहेत. अर्ज कधी आला, वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, तो कधी चढला, फेरफाराची नोटीस कधी निघाली, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत कधी संपली, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावयाचा कागद त्यानंतर कोठे पडून राहिला, या तारखा एकाखाली एक मांडल्या, की दिरंगाई कोणत्या टेबलावर झाली हे आरोप-प्रत्यारोपांच्या गदारोळातूनही स्वच्छ दिसू लागते. कदाचित असेही दिसेल, की त्या तलाठ्याकडे तीन सजांचा कार्यभार होता आणि रिक्त पदे भरण्याचे वरिष्ठांनी मनावर घेतले नव्हते. अशा वेळी वृद्धेची नोंद तातडीने करण्याची शिफारस करून, दोष ज्याचा जेवढा तेवढाच त्याच्या पदरी घालणे, हे न्यायबुद्धीचे खरे लक्षण होय.

येथे या पेशाचे मर्म आहे. गाऱ्हाण्याच्या बाबतीत लोकायुक्त शिफारस करतात. तिच्यावर काय कार्यवाही झाली याचा अहवाल मागवितात, आणि समाधान न झाल्यास राज्यपालांमार्फत तो विषय विधिमंडळापुढे नेऊ शकतात. स्वतः हुकूम बजावून तो अमलात आणण्याची सत्ता नसल्यामुळे, ज्या खात्याविरुद्ध लिहावयाचे त्या खात्यालाही नाकारता येणार नाही इतकी निर्दोष कारणमीमांसा लिहिणे, हेच त्यांचे बळ. मसुद्यात एक तारीख चुकली किंवा एक विशेषण अधिक पडले, तरी त्या बळाला ओहोटी लागते.

शेजारच्या संस्था

केवळ लोकायुक्तांच्या मुंबईतील एका कार्यालयाकडे पाहून हे क्षेत्र लहान समजू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. ती न मिळाल्यास खात्यातच दोन अपिले आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे, अशी व्यवस्था असून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विजेच्या तक्रारींसाठी २००३च्या विद्युत कायद्याने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल निर्माण केले. या मंचांवर ग्राहक चळवळीतून आलेल्या व्यक्तीलाही सदस्य म्हणून स्थान असते. माहिती आयोग आणि ग्राहक आयोग हेही याच कुळातले.

तयारी कशी करावी

लोकायुक्तपद हे कोणाच्याही करिअरची पहिली पायरी नव्हे. वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या व्यक्तीकडेच ते सहसा सोपविले जाते. पद उतारवयात येते, पात्रता मात्र तरुणपणीच कमवावी लागते. तिच्याकडे नेणारे तीन मार्ग आहेत. पहिला विधिशिक्षणाचा : बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून मिळतो, आणि पुढे वकिली, व तिच्या अनुभवानंतर राज्य लोकसेवा आयोगामार्फत कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा खुली होते. दुसरा प्रशासनाचा : नायब तहसीलदार, गटविकास अधिकारी किंवा मंत्रालयातील सहायक कक्ष अधिकारी म्हणून जो दप्तर आतून ओळखतो, त्याला ते कोठे कुजते हेही ठाऊक असते. तिसरा समाजकार्याचा : नगर शहरातच अहमदनगर कॉलेजच्या परंपरेतील सी. एस. आर. डी. या संस्थेत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि ज्याला ऐकून घेण्याची विद्या साधली, त्याला ग्राहक संघटनांत व स्वयंसेवी संस्थांत काम मिळणे अवघड जात नाही.

विद्यार्थ्यांनी आजपासून करावयाचा अभ्यास फारसा खर्चाचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन भरतो. तेथे लोक कोणते अर्ज घेऊन येतात याची रीतसर चौकशी करावी. घरातला सातबारा, फेरफार, वीजबिल अर्थ लावून वाचावे. शेजारच्या आजोबांची तक्रार एका पानात, तारखांसह, एकही कटू शब्द न वापरता लिहून द्यावी, आणि तीच हकिकत संबंधित कारकुनाच्या बाजूने दुसऱ्या पानावर लिहून पाहावी. ज्याला ही दोन्ही पाने सारख्याच प्रामाणिकपणे लिहिता येतील, त्याची या पेशासाठीची निम्मी तयारी झाली.

पालकांना एवढेच सांगणे, की या वाटेवर यश सावकाश येते आणि केलेली शिफारस प्रसंगी धूळ खात पडते. ज्याला तत्काळ फळ हवे, त्याने येथे न आलेले बरे. परंतु तुमच्या मुलाला दुसऱ्याचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकून घेण्याची सवय असेल, खोटे पडेल असे वाक्य लिहिताना त्याची लेखणी अडत असेल, तर केवळ त्याने कला शाखा घेतली म्हणून त्याच्या भवितव्याविषयी निराश होऊ नका. चौदा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात न ऐकलेली गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. ती नीट ऐकणारी माणसे मात्र थोडी आहेत, आणि ती तुमच्याच घरांतून यावयाची आहेत.