पुडी उघडण्यापूर्वी

दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल अंगावर घेतलेले आईबाप पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडांकडे रवाना होतात, आणि मागे राहिलेल्या मुलांचा भार म्हाताऱ्या आजीवर नाहीतर हंगामी वसतिगृहावर येऊन पडतो. परभणी जिल्ह्यातील अशाच एका वसतिगृहाची व्यवस्था काही हंगाम माझ्याकडे होती. आणि कुमारवयातील व्यसनाविषयी आज जे मी निःशंकपणे सांगू शकतो ते हे, की मुलाच्या हातून पुडी काढून घेणे मुळीच अवघड नसते, परंतु ज्या क्षोभामुळे त्याचा हात पुडीकडे गेला त्याचा काही बंदोबस्त झाला नाही, तर तोच हात उद्या पुडीहून वाईट वस्तूकडे जातो.

आठवीतील एका मुलाच्या कंपासपेटीत कर्कटकाऐवजी तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी सापडली. तेथील जुन्या शिरस्त्याप्रमाणे वरिष्ठांनी त्याला प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमक्ष उभे केले, कबुलीजबाब लिहून घेतला आणि दूर फडावर असलेल्या बापाला फोनवरून वार्ता कळवली. त्याच रात्री मुलगा नाहीसा झाला. सकाळी तो गंगाखेडच्या स्थानकावर बाकाखाली निजलेला आढळला, तेव्हा त्याच्या मुठीतील रुमालाला सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनचा उग्र दर्प येत होता. असली द्रव्ये हुंगल्याने हृदयाची गती बिघडून पहिल्याच खेपेस मृत्यू ओढवू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते. शिक्षेने व्यसन सुटल्याचे समाधान मानणाऱ्या मंडळींनाही ते ठाऊक नव्हते.

मी तंबाखूविषयी चौकशी करण्याचे सोडून दिले आणि त्याच्या आधी काय घडले, एवढेच विचारू लागलो. “काय नाय झालं, सर. डोकं फिरतं,” यापलीकडे तो जाईना. मात्र फोनच्या वेळा आणि त्याने जेवण टाकल्याच्या नोंदी हजेरीपटाशी ताडून पाहता असे दिसले, की ज्या संध्याकाळी फडावरून फोन येई, त्याच संध्याकाळी तो कंपासपेटी घेऊन गोठ्यामागे जाई. पुढे एकदा तो आपण होऊनच बोलला : “बाप म्हणला, उचल फिटली नाय, संक्रांतीला येणं होत नाय. माय मागं रडत व्हती.” बापावरचा राग, आईविषयीची कणव आणि आपण काहीच करू शकत नाही याची लाज, या तिन्ही भावना एकाच वेळी उसळत, आणि त्यांतील एकीचेही नाव त्याला घेता येत नसे.

किम ग्रॅट्झ आणि लिझाबेथ रोमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी २००४ साली भावनानियमनातील अडचणी मोजण्यासाठी ३६ विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. भावनेकडे लक्षच नसणे, ती कोणती हे न उमगणे, ती मनात आल्याचीच शरम वाटणे, तिच्या भरात तोल जाणे, हाती घेतलेले काम बंद पडणे आणि यावर काही उपायच नाही असे वाटणे, असे सहा पैलू त्यांनी मांडले. आमच्या मुलाच्या ठायी ते सहाही होते. त्यातच या वयात भावना चेतवणारे मेंदूचे भाग लवकर जोमात येतात, आणि त्यांना आवर घालणारा कपाळामागील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. तंबाखूने मिळणारा दिलासा हा मुकादमाच्या उचलीसारखा असतो : आजची नड भागते आणि पुढचा हंगाम गहाण पडतो; कारण निकोटीनची सवय जडल्यावर जी चिडचीड तंबाखूने शमते, ती बव्हंशी तंबाखू न मिळाल्यामुळेच उत्पन्न झालेली असते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वर्षांचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करताना आढळले, तेव्हा हा प्रश्न एका वसतिगृहापुरता नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे असे. मुलगा संतापलेला असताना उपदेश करू नये. त्याला बाहेर चालवून आणावे, तोंडावर गार पाणी मारू द्यावे, श्वास सावकाश सोडायला लावावा, आणि बोलणे नंतर काढावे. तलफ चढते तशी काही मिनिटांत ओसरतेही, हे त्याच्या प्रत्ययाला येईपर्यंत कोणीतरी शेजारी बसावे. आमच्या मुलाच्या बाबतीत फोननंतरची ती घटका सांभाळल्यानेच पुडी कमी झाली, आणि मध्यंतरी ती पुन्हा आली तेव्हाही चारचौघांत तिचा पंचनामा झाला नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनी आपली तंबाखू आणायला पोराला टपरीवर पिटाळू नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि वैद्यकीय कारणाखेरीज बालकाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे गावातील दुकानदाराच्या कानी घालावे.

सोल्यूशन, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांपर्यंत मजल गेली असेल, अथवा मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर घरगुती इलाजात वेळ दवडू नये. रोज घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्याने झटके येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्यात. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य सल्ला मिळतो, आणि पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे कार्य करीत आहे.

टोळीवर जाणाऱ्या आईबापांना मात्र एक स्वतंत्र विनंती आहे. परतण्याची तारीख मुकादमाच्या हाती असते, तुमच्या नव्हे. तेव्हा निघताना मुलाला सणाचा वायदा करू नका. फोनचा वार आणि वेळ ठरवा, येणे लांबले तर ते आडपडदा न ठेवता सांगा, आणि त्यावर तो रागावला तर फोन ठेवू नका.