रात्री दोनला उठवणारं पोट

प्रश्न : आम्ही हुणसूरला राहतो. बाबांना (वय ५८) गेला महिनाभर रात्री दोन-अडीचला पोटात जळजळून जाग येते. दोन बिस्किटं खाल्ली की शांत. तंबाखूच्या बार्नला भट्टी लागली की पाठ धरते, म्हणून दुखण्याची गोळी रोजची. आजी म्हणते, मुद्दे (नाचणीचे उकडलेले गोळे) सोडून भातावर आला म्हणून हे झालं. हा अल्सर असेल का? आणि आजीचं खरं आहे का?
– एक वाचक, हुणसूर

उत्तर : आधी बाबांचं बघू. जठर संपून लहान आतडं सुरू होतं त्या भागाला, म्हणजे ग्रहणीला, अल्सर झाला तर रुग्ण बहुधा असंच सांगतो. दुखतं बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर, मधोमध. जेवून दोन-तीन तास झाले की किंवा मध्यरात्रीनंतर आग सुरू होते, खाल्लं की थांबते. काही आठवडे छळून ती मध्येच गप्प बसते आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. जठरातल्या अल्सरमध्ये बऱ्याचदा उलट, जेवल्यावर दुखतं; मग माणूस खायला घाबरतो आणि वजन उतरतं. पण नुसत्या लक्षणांवरून निदान पक्कं होत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती त्या रोजच्या गोळीची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं जठराच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात, वर दुखणंही झाकतात. असा अल्सर कित्येकदा मुळीच दुखत नाही आणि पहिली खूण दिसते ती रक्तस्रावाची. म्हणून संकोच न करता बाबांना शौचाचा रंग विचारा. काळी, डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शौच म्हणजे आत रक्त वाहतंय. (लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, पण सहसा चिकट नसते.) अशी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, घेरी, किंवा अचानक असह्य कळ येऊन पोट कडक होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मोठं हॉस्पिटल गाठा. जळजळीबरोबर घाम फुटला, धाप लागली, तर हृदयाचीही शंका घ्यायची.

आता आजी. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशनच्या हॉस्पिटलात १९५० आणि ६०च्या दशकांत फ्रँक टोवी नावाचे इंग्रज सर्जन होते. अल्सर कुठे जास्त, कुठे कमी आणि तिथले लोक खातात काय, याचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९७९ साली ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी भारत-बांगलादेशचं चित्र मांडलं : भात हेच मुख्य अन्न असलेल्या भागांत ग्रहणीचा अल्सर जास्त, गहू, काही भरडधान्यं आणि कडधान्यं खाणाऱ्यांत कमी. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत हुलग्यातला स्निग्धांश जठराला जपतो, असं त्यांना आणि सहकाऱ्यांना आढळलं. हुलगे म्हणजे कोकणातले कुळीथ, तुमच्याकडची हुरुळी.

मात्र १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे वॉरन आणि मार्शल यांनी जठरात राहणारा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला आणि अल्सरचं मूळ बहुधा तिथे सापडलं. २००५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. तिखटाने अल्सर होत नाही, झालेला झोंबतो. टोवींनी एक प्रश्न मात्र पुढेही लावून धरला : हा जंतू देशभर पसरलेला असताना अल्सर सगळीकडे सारखा का नाही? आजींच्या बोलण्यात तथ्य आहे ते इथे. बाबांनी मुद्दे आणि हुरुळीचं सारू जरूर खावं, पण त्याने जंतू मरणार नाही.

या वयात नव्याने सुरू झालेल्या दुखण्यासाठी दुर्बिणीची तपासणी करून घेणं योग्य. जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची चाचणीही असते. ॲसिडची गोळी त्याआधीच्या दोन आठवड्यांत घेतली असेल तर चाचणी खोटं ‘नाही’ दाखवू शकते, म्हणून काय काय घेतलंय ते डॉक्टरांना सांगा. जंतू सापडला तर साधारण १४ दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स असतो. तो मध्येच सोडू नये, आणि नंतर जंतू गेला का याची चाचणी करावी. बाबा विडी-सिगारेट ओढत असतील तर ती बंद; तिने अल्सर भरायला वेळ लागतो. पाठीसाठी पॅरासिटामॉल चालेल का, ते विचारून घ्या. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने थांबवू नका.